बांगडीची निशाणी

माझ्या आईने कुंभकोणम्‌च्या ख्रिस्ती मंडळीच्या करारपत्रावर आपखुशीने निशाणी केली, पुढे तो करार मोडला, आणि अखेरच्या घटकेस पश्चात्ताप पावून ती प्रभूच्या आश्रयास गेली, असे मंडळीच्या इतिहासाच्या पुस्तिकेत छापले आहे. माझा मामेभाऊ, जो गोविंदपुरम्‌च्या भजनमंडळींत आज मोठा मान मिरवतो, चारचौघांत सांगतो की आत्याबाईंनी आमच्या घरी देह ठेवला आणि आमच्या वडिलांनी त्यांचे सर्व यथाविधी केले. या दोन हकीकती एकमेकींच्या वैरिणी आहेत, आणि तरी दोन्ही सारख्याच खोट्या आहेत. मी या गावच्या कोर्टात जन्मभर वकिली केली. साक्षीदार कोठे अडखळणार हे मला त्याच्या श्वासावरून कळते. पुस्तिकेच्या कर्त्याने तळटीपेत एका 'विश्वासू तरुण साक्षीदारा'चा आधार दिला आहे. तो तरुण मी होतो. तेव्हा या प्रकरणात जो कोणी मला दुरुस्त करू पाहील त्याने आधी एवढे ध्यानात घ्यावे, की तो कागद लिहिला गेला तेव्हा दौत माझ्या हातात होती, आणि या दोघा इतिहासकारांपैकी एकाचाही तेव्हा जन्म झाला नव्हता.

माझे वडील, ज्यांस आम्ही अप्पा म्हणत असू, तंजावरच्या दरबारात चिटणिसांच्या दप्तरी होते. राजा निपुत्रिक वारला, सरकारने राज्य खालसा केले, आणि मोडी लिहिणारा त्यांचा हात एका दिवसात निरुपयोगी झाला. कुंभकोणम्‌ला येऊन ते एका स्कॉच पाद्र्याला मराठी आणि तमिळ शिकवू लागले, आणि चार वर्षांनी त्यांनी त्याच्या हातून बाप्तिस्मा घेतला. पगारासाठी घेतला, असे आमचे नातलग आजही म्हणतात. पगार त्यांस आधीही मिळत होता. अप्पांस हवा होता खुलासा. सात पिढ्या ज्याचे मीठ खाल्ले ते राज्य एका सकाळी कारकुनाच्या पत्राने कसे गेले, याचा अर्थ त्यांस कोणी सांगितला नव्हता. शास्त्रीबुवा कलियुग म्हणत, इंग्रज कायदा म्हणत. पाद्री दोरै, आमच्याकडे गोऱ्या साहेबास दोरै म्हणतात, म्हणाले, करार. देव माणसांशी एकेकट्याने व्यवहार करीत नाही. तो प्रमुखाशी करार करतो आणि प्रमुखात त्याचे सारे धरले जातात. आदामात सारी मनुष्यजात धरली गेली, बापात घर, राजात राष्ट्र. प्रमुखाने करार पाळला तर आशीर्वाद सर्वांस, मोडला तर शाप सर्वांस. इस्राएलचे असेच झाले, निनवेचे झाले, आणि एक दिवस इंग्लंडचेही होईल, असे दोरै मेज ठोकून सांगत. तो शेवटचा भाग ऐकून अप्पा पहिल्या प्रथम त्यांच्यावर विश्वासले असावेत. आपल्या राजाला तोलले त्याच तराजूत आपल्या राजाला घालवणाऱ्यालाही तोलणारा देव त्यांस दुसरीकडे कोठे आढळला नव्हता.

बाप्तिस्मा माझाही झाला, कारण मी त्यांच्यात धरला गेलो. मी आठ वर्षांचा होतो आणि मला कोणी विचारले नाही. आईस मात्र विचारले गेले आणि ती नाही म्हणाली. ती माहेरी जाईल असे सर्वांस वाटले होते. ती गेली नाही. तिने मागल्या पडवीत आपली वेगळी चूल मांडली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात दोन चुली पेटू लागल्या. आधी ती आमचा स्वयंपाक करी, आम्हांस वरून वाढी, मग न्हाऊन ओलेत्याने आपला भात शिजवी. तिच्या हातचे डांगर, ताकात कालवलेले उडदाचे पीठ, वर मोहरी-हिंगाची फोडणी आणि कोवळी काकडी, तसे मी पुन्हा कोठे खाल्ले नाही. सून करते, पण तिची फोडणी घाबरट असते. शेजारच्या गल्लीत पितळेची भांडी ठोकणारे राहत. त्यांच्या हातोड्यांचा आवाज दिवसभर घरात भरलेला असे, आणि त्या आवाजावर आवाज चढवून आई आणि अप्पा वाद घालीत. पुस्तिकेतील 'मूक, आज्ञाधारक पत्नी' वाचून मी हसलो. आमची आई मूक कधी नव्हती.

"तुमच्या देवास काही ध्यानी राहत नाही वाटते," ती म्हणे. "सगळे लिहून घेतो."

"लिहिलेले टिकते," अप्पा म्हणत.

"दरबार गेला, पण दरबारची खोड गेली नाही. देवही शोधलात तो कचेरीतला."

"राज्य का गेले ते तुज कळले असते तर बोलली नसतीस."

"राजास मूल झाले नाही म्हणून गेले. मज तीन झाली, दोन गेली. मी कोण्या देवाशी कोणता करार मोडला होता, ते सांगा. की तोही राजानेच मोडला?"

यावर अप्पा जेवणावरून उठत नसत, ही त्यांची थोरवी मी नोंदवून ठेवतो. ते आणखी ताक मागत, आणि ती वाढी. महिन्यातल्या दोन्ही एकादशींना आई पानमळेवाल्याच्या गाडीतून गोविंदपुरम्‌ला जाई, तेथल्या स्वामींच्या समाधीपुढे दिवसभर नामात बसे आणि दुसऱ्या दिवशी परते. ही गोष्ट अप्पांस, दोरैंस, सगळ्या मंडळीस ठाऊक होती. दोरै म्हणत, विश्वास न ठेवणारी बायको नवऱ्याजवळ नांदायला राजी असेल तर तिला सोडू नये अशी शास्त्राची आज्ञा आहे. नऊ वर्षे असे चालले. ते आमच्या घराचे चांगले दिवस होते, हे तेव्हा आम्हां तिघांपैकी कोणासही कळले नाही.

मग पावसाने पाठ फिरवली, आणि लागोपाठ दुसऱ्या वर्षीही फिरवली. आमचा मुलूख कावेरीचा, आम्हांस उपासमार ऐकून ठाऊक. पण वरच्या कोरड्या जिल्ह्यांतून माणसे नदीच्या वाळूतून चालत येऊ लागली, आणि त्या वर्षी नदीत वाळूच होती. चिंचोके उकडून खाणारी माणसे मी आमच्या गल्लीत पाहिली. हातोडे थांबले, नवे भांडे कोण घेणार, लोक घरातली मोडीत घालीत होते. त्या शांततेत आईचा आवाज उगाच मोठा वाटे, म्हणून तीही हळू बोलू लागली.

दोरैंनी हा राष्ट्रावरचा न्याय आहे असे जाहीर केले, उपवासाचा दिवस नेमला, आणि मंडळीने देवाशी लेखी करार करावा असे ठरवले. त्यांच्या मुलखात त्यांच्या पूर्वजांनी तसा केला होता, काहींनी स्वतःच्या रक्ताने सही केली होती, आणि त्यापायी फासावर गेले होते. हे सांगताना त्या करड्या माणसाचे डोळे भरून येत. मजकूर त्यांनी तमिळमध्ये सांगितला. लिहिण्याचे काम अप्पांकडे आले, आणि इतक्या वर्षांनी त्या हाताला दरबारी काम मिळाले. अप्पांनी सुचवले की ज्यांस अक्षर येत नाही त्यांनी नुसता अंगठा न देता आमच्या जुन्या दस्तऐवजांप्रमाणे आपापल्या धंद्याची निशाणी करावी. दोरैंस ती कल्पना फार आवडली. त्या रविवारी ख्रिस्ती देवळात अप्पा बैठक घालून बसले, मी दौत धरून शेजारी, आणि एकेक जण पुढे आला. विणकरासाठी अप्पांनी धोटा काढला, शेतमजुरासाठी विळा, गवंड्यासाठी थापी. रीत अशी की निशाणी लेखकाने काढायची आणि ज्याची ती असेल त्याने लेखणीच्या टोकाला बोट लावायचे. बोट लागले की ती त्याची शपथ. विळेवाला म्हातारा म्हणाला, "अय्या, माझ्या विळ्याला मूठ काढा, नाहीतर देव म्हणेल हा हात कापून घेणार," आणि सगळी मंडळी उपाशीपोटी हसली.

शेवटी अप्पांनी स्वतःची सही केली. मग क्षणभर थांबून त्यांनी तिच्या शेजारी एक लहान वर्तुळ काढले, आत दुसरे वर्तुळ, आणि मध्ये चार बारीक रेघा. ती बांगडी होती. दरबारच्या कागदांत बायकांची निशाणी बांगडी असते, हे मला ठाऊक होते, आणि आई त्या वेळी अर्ध्या कोसावर आमच्या पडवीत होती, हेही ठाऊक होते. दोरैंनी विचारले, "हे काय, मुन्शी?"

"माझ्या घरची निशाणी."

"त्यांनी हात लावला?" दोरैंचा चेहरा उजळला होता.

अप्पा म्हणाले, "घर माझ्यात धरले आहे."

दोरैंनी हे होकारार्थी घेतले आणि त्यांचा हात दाबला. पुस्तिका इथे अप्पांना दांभिक ठरवीत नाही, पण मामेभाऊ ठरवतो, आणि मी ते चालू देणार नाही. अप्पा घाबरले होते. न्याय येऊन ठेपला आहे, ज्या घरावर खूण असेल तेच घर ओलांडून तो पुढे जाईल, अशी त्यांची खात्री होती. आणि ती बाई खुणेबाहेर राहावी हे त्यांच्याने सोसवले नाही. दप्तरात असताना गैरहजर बायकोची बांगडी त्यांनी नवऱ्याच्या शब्दावर शेकडो कागदांवर काढली असेल. हात चालला तो सवयीने आणि मायेने. ज्या धर्मात त्यांनी तो चालवला तेथे मात्र त्या खुणेचे वजन वेगळे होते, आणि हे त्यांच्याइतके आमच्या गावात दुसऱ्या कोणासही कळत नव्हते.

चौथ्या दिवशी एकादशी होती. आई नेहमीप्रमाणे गाडीत बसली आणि गेली.

ज्ञानमुत्तू नावाचे मंडळीचे उपदेशी होते, प्रामाणिक, कोरडे, नेमके. त्यांनी दोरैंसमोर मांडले की आजवर ती बाई बाहेरची होती, तिचा प्रश्न नव्हता. आता ती करारात आहे, आणि करारातल्या एकाने मोडले तर शाप साऱ्या मंडळीवर येतो. लुटीतली वस्तू तंबूत पुरणाऱ्या एका माणसापायी सारे इस्राएल हरले होते. विणकरांच्या वस्तीत त्या आठवड्यात तीन मुले पटकीने गेली होती, आणि त्यांच्या आया देवळाच्या पायरीवर बसून होत्या. कोणाच्या वागण्याने गेली, हे त्या विचारीत होत्या, आणि उत्तर त्यांच्यासमोर तयार ठेवले गेले. दोरैंनी पंच बसवले आणि आईस बोलावणे धाडले.

ती आली. देवळाच्या उंबऱ्याआत तिने पाऊल टाकले नाही. बाहेरच्या ओट्यावर खांबापाशी उभी राहिली, डोक्यावर पदर, हातात जपाची माळ, आणि ती लपवण्याचा तिने काहीही प्रयत्न केला नाही. सकाळचे दहा वाजले असतील. दोरै खुर्चीवर आत, पंच बाकावर, अप्पा एका बाजूस उभे. दोरैंनी कागद दाखवून विचारले, ही निशाणी आपली का? आईने बांगडी पाहिली, मग अप्पांकडे पाहिले. तिला सगळे त्याच क्षणी कळले. तिचे ओठ किंचित वाकले, जणू ती नेहमीसारखा टोला देणार. पण तिने माळेचा एक मणी पुढे ढकलला.

दोरै कठोर होते, दुष्ट नव्हते. ते मार्ग शोधीत होते. त्यांनी पंचांस सांगितले, "या बाईंनी लेखणीला हात लावला नसेल तर शपथ झालीच नाही, आणि मोडलीही नाही. त्या पूर्वीसारख्या घरी नांदतील. मग दोष लिहिणाऱ्याचा."

"देवापुढे खोटी शपथ लिहिणाऱ्याचा," उपदेशी म्हणाले. "त्याला मंडळीबाहेर काढावे लागेल. कामावरूनही. आणि बाहेर मेलेल्या मुलांच्या आया बसल्या आहेत, त्यांना काय सांगायचे ते दोरैंनी सांगावे."

मग दोरै माझ्याकडे वळले. "यशवंता, तू दौत धरून होतास. तुझ्या आईने हात लावला की नाही?"

मी सतरा वर्षांचा होतो. खरे सांगितले तर आई घरी राहणार होती आणि अप्पा जाणार होते. जात गेलेली, दरबार गेलेला, आता देवही जाणार, आणि तो खोटेपणाच्या ठपक्याने. खोटे सांगितले तर आई मंडळीच्या लेखी बहिष्कृत होणार होती, पण ती मंडळीत होतीच कोठे? ती आपल्या माहेरच्या माणसांत जाईल, दोन महिन्यांत दोरै निवळतील, पाऊस पडेल, ती परत येईल. असा हिशेब मी तेवढ्या श्वासात केला. तो हिशेब एका वकिलाचा होता आणि त्यात एक पक्षकार मी धरलाच नव्हता. मी अप्पांकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी हो म्हणून खुणावले असते किंवा नाही म्हणून, तर आज मी त्यांस दोष देऊ शकलो असतो. ते जमिनीकडे पाहत उभे राहिले.

"हात लावला," मी म्हणालो.

दोरैंनी आईस विचारले, "हे खरे का?"

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "माझा यशवंत म्हणतो ना? मग लावला असेल." तिच्या आवाजात राग नव्हता. मुलाने ताटात टाकलेले आपण उचलून खावे तसे तिने ते शब्द उचलले. पश्चात्ताप करून बाप्तिस्मा घ्याल का, या प्रश्नाला तिने मान हलवून नकार दिला, आणि पंचांनी ठराव लिहिला की करार पाळणाऱ्या कोणीही तिच्याबरोबर एका छपराखाली राहू नये. ठराव अप्पांच्या सुंदर अक्षरात आहे. त्यांनाच लिहावा लागला.

घरी येऊन तिने आम्हां दोघांचा भात केला, वाढला, आपली चूल सारवली आणि एक गाठोडे बांधले. अप्पा म्हणाले, "थोड्या दिवसांचे आहे."

"होय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "ताक झाकून ठेव. मांजर येते."

मामांचे घर गोविंदपुरम्‌च्या वाटेवर होते. बातमी तिच्या आधी पोहोचली होती: हिने पाद्र्याच्या कागदावर निशाणी केली, भर देवळात कबूल केले, पोटच्या पोराने साक्ष दिली. मामांनी तिला घरात घेतले नाही. ओट्यावर दोन दिवस राहू दिले, दुरून पान वाढले, तिसऱ्या दिवशी सांगितले की मुलीचे लग्न ठरायचे आहे. भजनाच्या मांडवातही बायकांनी सरकून तिच्याभोवती मोकळी जागा ठेवली. तिने त्यांस काहीच खुलासा केला नाही, आणि का केला नाही ते मला ठाऊक आहे: खुलासा करायचा तर मुलगा खोटारडा ठरला असता. हे सारे मला मामींनी सांगितले, त्यांच्या मुलाने नव्हे, आणि मामी सांगताना रडत होत्या.

अकराव्या दिवशी मला राहवले नाही. अप्पांस न सांगता मी चालत गेलो. मामांच्या घरून मला नदीकाठच्या सरकारी कंजीच्या, म्हणजे पेजेच्या, मांडवाकडे पाठवले. तेथे शेकडो माणसे फळ्यांवर बसली होती. मी मराठी बोलणाऱ्या बाईची चौकशी केली. पहारेकरी म्हणाला, "हातात माळ असलेली? तंबी, ती गेली. परवा. पटकी." कोठे नेली असे विचारल्यावर त्याने वाळूतल्या लांब चराकडे बोट केले. चुना टाकलेला होता. त्यात सत्तर जण आहेत, तो म्हणाला, नावे कोणी लिहीत नाही. तिला दहन नाही मिळाले आणि ख्रिस्ती दफनही नाही. एवढेच खरे आहे. पुस्तिकेतला पश्चात्ताप आणि मामेभावाचे क्रियाकर्म हे दोन्ही त्या चरावर टाकलेल्या चुन्यासारखे आहे, वास येऊ नये म्हणून.

मी परत येऊन अप्पांस सांगितले. त्यानंतर आठव्या दिवशी नदीला पाणी आले. आधी वाळूत एक तपकिरी जीभ, मग फेस, मग संध्याकाळपर्यंत अरसलारचे, कावेरीच्या आमच्या फाट्याचे, दोन्ही काठ भरून. गाव लोटले. बायका हळदकुंकू घेऊन उतरल्या, माणसे ओंजळी भरून डोक्यावर घेत होती, आणि मंडळीचे लोक पुलाजवळ गुडघे टेकून गात होते. करार शुद्ध झाला, न्याय उठला, असे उपदेशी ओरडून सांगत होते, आणि मेलेल्या मुलांच्या आया त्यांच्या पाठोपाठ ते म्हणत होत्या. अप्पा पुलाच्या कठड्याशी एकटे उभे होते. मी जवळ गेलो.

"अप्पा, आईने हात लावला नव्हता."

"ठाऊक आहे."

"उद्या दोरैंस सांगू. दोघेही जाऊ."

ते पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सांगू. पण आधी तू मज एवढे सांग. तिने मोडलेच नव्हते, तर तिला काढल्यावर हे पाणी कशाने आले?"

कावेरी जेथे उगम पावते त्या कुडगच्या डोंगरांत पाऊस झाला म्हणून, हे उत्तर माझ्या जिभेवर होते. शाळेत धाकट्या वर्गास मी भूगोल शिकवीत असे. पण ते दिले असते तर दुष्काळही त्या डोंगरांचाच ठरला असता, राज्य गेले तेही कशाबद्दल नव्हे, आणि आई गेली तीही कशाबद्दल नव्हे, हे त्या माणसाला त्या कठड्याशी उभ्याने ऐकावे लागले असते. मी ते उत्तर दिले नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढे ते वारले तोवरच्या कोणत्याही दिवशी नाही.

दुसरा दिवस रविवार होता. आभाराची प्रार्थना झाली. दोरैंनी राष्ट्रावर दया केल्याबद्दल आणि मंडळीस सत्य साक्षीदार दिल्याबद्दल देवाचे उपकार मानले. शेवटी सर्वांबरोबर मीही आमेन म्हणालो, आणि तो शब्द माझ्या तोंडून इतका स्पष्ट निघाला की दोरैंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले आणि ते हसले.